वाचनावर आणि शिकण्यावर पाहुणा लेख लिहिताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचन आणि शिकणं या विषयांवर बाहेरून आलेले लेख वाचायचे, त्यातले काही परत पाठवायचे, काही दोन-दोनदा लिहून घ्यायचे, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. लिहिणारे बदलतात, प्रश्न तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. ती माझी आहेत. दुसरा संपादक काही बाबतींत उलटंही सांगेल.

मी शिक्षक नाही, अभ्यासक नाही. मी काय लिहिणार?

तुम्ही शेवटचं काय शिकलात? शिवणकाम, गाडी चालवणं, एखादी नवी भाषा, हिशेबाचं सॉफ्टवेअर, काहीही चालेल. ते शिकताना नेमके कुठे अडलात आणि कशाने सुटलात, एवढं आठवत असेल तर लेखाचं भांडवल तुमच्याकडे आहे. उलट मला तज्ज्ञांच्या लेखांवरच जास्त काम करावं लागतं. ज्याला पोहता येतं त्याला पाण्याची भीती कशी असते ते आठवत नाही, आणि वाचकाला तर तीच भीती ओळखीची असते.

विषय कसा निवडू?

"वाचनाचं महत्त्व" हा विषय शाळेच्या निबंधाच्या वहीत राहू द्या. तुमचा लेख ज्याच्या हातात पडणार आहे तो त्या क्षणी वाचतोच आहे. वाचन चांगलं असतं हे त्याला पटवायला जाणं म्हणजे देवळात आलेल्याला देव आहे असं समजावण्यासारखं आहे.

विषय लहान करत न्या. "वाचनाची सवय" हा विषय नाही, तो ढीग आहे. त्यातून "रात्री वाचायला घेतलं की तेच पान तीनदा वाचलं जातं" एवढंच उचला. हा विषय झाला. आता त्यात प्रश्न दिसायला लागतात. तिसऱ्यांदा वाचताना पान जास्त कळतं की फक्त ओळखीचं वाटतं? पुस्तक बदललं तर फरक पडतो का? तुम्ही काय करून पाहिलंत?

माझ्याकडे आलेल्या लेखांपैकी लक्षात राहिलेले सांगते. एकीने वयाच्या चाळिशीत बीजगणित पुन्हा शिकायला घेतलं होतं. समीकरण सुटायचं, पण ते का सुटलं हे मुलाला सांगता येईना, तेव्हा कुठे तिला कळलं की शाळेतही ते कधी कळलं नव्हतं. एकाने अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची यादी केली होती आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या पानावर आणि का सोडलं ते लिहिलं होतं. दुसरा लेख नुसत्या यादीवर संपला असता तर कंटाळवाणा झाला असता. पण यादी करता करता त्याच्या लक्षात आलं होतं की कठीण पुस्तकं तो सोडतच नाही, सोडतो ती सोपी.

विषय पुरेसा धारदार झाला की नाही ते ओळखायची माझी एक कसोटी आहे. लेखाचा मुद्दा एका वाक्यात लिहा आणि बघा, कुणी शहाणा माणूस त्याला "मला नाही पटत" म्हणू शकतो का. "वाचनाने ज्ञान वाढतं" याला कोण नाही म्हणणार? "पुस्तकात खुणा करणं ही अभ्यास टाळायची एक सभ्य रीत आहे" याला मात्र लगेच दोन जण भांडायला येतील. ते आले पाहिजेत.

सुरुवात कशी करू?

"आजच्या धावपळीच्या युगात" हे शब्द सुचले की पेन खाली ठेवा. मोबाइलमुळे वाचन कमी झालं हे रडगाणंही नको. बहुतेक कच्च्या मसुद्यांत खरी सुरुवात तिसऱ्या परिच्छेदात असते. पहिले दोन लिहिणाऱ्याने हात मोकळा करायला लिहिलेले असतात, ते लिहावेतच, पण पाठवण्याआधी काढावेत.

संशोधन, आकडे द्यायलाच हवेत का?

नाही. द्यायचे असतील तर मात्र मूळ कुठे आहे ते स्वतः बघून द्या. या एका उत्तरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

माणूस वाचलेल्यातलं दहा टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेल्यातलं वीस टक्के, आणि असं वाढत वाढत शिकवलेल्यातलं नव्वद टक्के, हा पिरॅमिड तुम्ही पाहिला असेलच. तो मी एका लेखात छातीठोकपणे टाकला होता. एका वाचकाने दोन ओळींचं पत्र पाठवलं: हे कुणी मोजलं? कुणी वाचलं, कुणी ऐकलं, आणि किती दिवसांनी विचारलं? मी दोन संध्याकाळी शोधत बसले. हाती एवढंच लागलं की एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता, आणि त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. खरं तर शंका आधीच यायला हवी होती. खरी मोजमापं अशी दहा, वीस, तीस करत शिस्तीत उभी राहत नाहीत.

असेच आणखी काही पाहुणे दर महिन्याला येतात.

"सवय लागायला २१ दिवस लागतात." याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकात सापडतं. चेहरा बदललेल्या रुग्णांना तो अंगवळणी पडायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. "कमीत कमी" गळून पडलं, रुग्ण गळून पडले, आकडा राहिला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयी खरोखर मोजल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केल्या. सरासरीचा आकडा ६६ दिवसांच्या आसपास आला, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. तुमच्या लेखाला खरं उपयोगी काय असेल, तर तो पसारा. "मला तीन आठवड्यांत वाचनाची सवय लागली नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे" असं वाटणाऱ्या वाचकाला २५४ हा आकडा किती धीर देईल बघा.

"माणूस एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो." हे हरमान एबिंगहाउस यांच्या १८८५ च्या प्रयोगांवरून सांगितलं जातं. प्रयोग खरे, वक्ररेषा खरी. पण त्यांनी प्रयोग केले ते एकाच माणसावर, स्वतःवर. पाठ केली ती निरर्थक अक्षरं. आणि मोजलं ते किती आठवतं हे नव्हे, तर तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे. अर्थ असलेला, आवडीचा मजकूर असा धडाधड पुसला जात नाही. एबिंगहाउस यांचा उल्लेख जरूर करा, विसरणं मोजता येतं हे दाखवणारे ते पहिले होते. फक्त त्यांच्या तोंडी आपलं वाक्य घालू नका.

"अमुक तंत्राने मिनिटाला हजार शब्द वाचा." इंग्रजीत मौन वाचनाचा वेग मोजणारे १९० अभ्यास मार्क ब्रिस्बार्ट यांनी २०१९ मध्ये एकत्र केले. कथेतर मजकुराची सरासरी मिनिटाला २३८ शब्द निघाली. त्याच्या चौपट वेगाने जे होतं ते वाचन नसून चाळणं असतं. चाळण्यालाही आपली जागा आहे, पण त्याला त्याच्या नावाने हाक मारा. आणि हो, २३८ हा आकडा जसाच्या तसा मराठीला लावू नका. इंग्रजीत "घरासमोरच्या झाडाखाली" म्हणायला आठेक शब्द लागतात, आपल्याकडे दोन पुरतात.

मग शिकण्याबद्दल भक्कम असं काय सांगता येईल?

दोन गोष्टी बिनदिक्कत सांगा. एक, पुस्तक मिटून आठवून पाहणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं. दोन, एका बैठकीत चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास दिवसांवर पसरलेले बरे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाची दहा तंत्रं तपासली, तेव्हा वरच्या श्रेणीत एवढी दोनच बसली. खुणा करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं ही आपली दोन लाडकी तंत्रं खालच्या श्रेणीत गेली.

पहिल्या गोष्टीचा एक प्रयोग लेखात सांगायला फार सुंदर आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. नंतर निम्म्या वेळा उतारा पुन्हा वाचायला दिला, निम्म्या वेळा तो न बघता आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचण्याची सरशी झाली, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: आठवून लिहिलेलं ५६ टक्के उरलं होतं, पुन्हा वाचलेलं ४२. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून काढणारा मुलगा स्वतःच्या अनुभवावरून चुकीचा निष्कर्ष का काढतो, ते या चार आकड्यांत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सगळं येत असतं ना!

पण हा प्रयोग सांगून लेख संपवू नका. स्वतः करून बघा. आठवडाभर एखादं प्रकरण वाचून झालं की पुस्तक बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ कोराच राहील आणि अपमान झाल्यासारखं वाटेल. तो अपमान लेखात आला की वाचक तुमचा झाला.

कुणाला बघून शिकायला आवडतं, कुणाला ऐकून. त्यावर लिहू का?

आवडीवर लिहा. आवडीच्या मार्गाने शिकवलं की माणूस जास्त शिकतो, असं मात्र लिहू नका. हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या दाव्याचा पुरावा धुंडाळला आणि तो पुरेसा नाही असं स्पष्ट लिहिलं. नकाशा बघूनच कळतो, गाण्याची चाल ऐकूनच. ते विषयावर ठरतं.

एका अभ्यासात एक निघतं, दुसऱ्यात दुसरं. काय करायचं?

तेच लिहायचं. हाताने टिपणं काढणारे लॅपटॉपवाल्यांपेक्षा सरस ठरतात, असा २०१४ चा एक अभ्यास फार गाजला. नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठाम दिसला नाही. कागद आणि पडदा यांचंही तसंच. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र केले तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त कळतो असं दिसलं, विशेषतः वेळेचं बंधन असेल तेव्हा. गोष्टी वाचताना मात्र फरक नव्हता. म्हणजे "कागदच श्रेष्ठ" असं लिहिणाराही घाई करतो आणि "काही फरक पडत नाही" म्हणणाराही. "पुन्हा करून पाहिलं तेव्हा तसं आढळलं नाही" हे वाक्य लिहायला लाजू नका. त्याने लेख पातळ होत नाही.

वाचकाला किती माहीत आहे असं धरायचं?

इथे एक जुना प्रयोग मला कायम आठवतो. १९८८ मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ ठाऊक असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तुमचा वाचक हुशार आहे, त्याला फक्त तुमचा डाव ठाऊक नाही. म्हणून त्याला अडेल अशी एखादी संज्ञा आली की अर्ध्या वाक्यात खेळ समजावून द्या आणि पुढे चला. पूर्ण परिच्छेदभर व्याख्या देत बसलात तर ज्याला ठाऊक आहे तो उठून जातो.

लेख किती मोठा असावा?

आधी विचारून घ्या. कुणीच काही सांगितलं नसेल तर हजार-बाराशे शब्द. चारशे शब्दांत मुद्दा संपला असेल तर चारशे.

भाषा कशी हवी? इंग्रजी शब्द चालतील का?

ज्या भाषेत तुम्ही मित्राला ही गोष्ट सांगाल, त्याच्या किंचित वर. "फोकस", "नोट्स", "सिलॅबस" चालतील, लोक तसंच बोलतात. "टिपणं" आणि "अभ्यासक्रम" हेही जिवंत शब्द आहेत, तेही चालतील. चालत नाही ती इंग्रजी वाक्यरचना, जी मराठी कपडे घालून येते. "वाचन मला परवानगी देतं की मी…" असं कुणी बोलतं का? शंका आली तर वाक्य मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे भाषांतर दडलेलं असतं.

आणि "आपण सर्वांनी वाचलं पाहिजे" या वाक्यातला तो "पाहिजे" काढा. उपदेश करायला घरची माणसं पुरेशी असतात.

पुस्तकाचा परिचय पाठवला तर चालेल?

परिचय हा वेगळा प्रकार आहे. मला पुस्तकात काय आहे यापेक्षा पुस्तकाने तुमचं काय केलं हे हवं असतं. कथानक तीन ओळींत आटपा. अवतरण दिलंत तर शब्दन् शब्द मुळाशी ताडून द्या. आठवणीतून दिलेलं अवतरण जवळपास नेहमीच चुकतं, आणि ते मूळ लेखकापेक्षा आपल्याला जास्त शोभेल असंच चुकतं. समाजमाध्यमांवर फिरणारी थोरांची वचनं तर नकोतच.

माझ्या मुलाबद्दल किंवा माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांबद्दल लिहू का?

लिहा, पण एक विचार करा. हा लेख पंधरा वर्षांनी त्या मुलाच्या हाती लागला तर? वाचताना अडखळणाऱ्या मुलाची गोष्ट आपल्याला हृदयस्पर्शी वाटते, त्याला ती चारचौघांत उघडं पाडल्यासारखी वाटू शकते. नाव, शाळा, ओळख पटेल असे तपशील बदलू नका, सरळ काढा. बदललेले तपशील गोष्टीत खोटेपणा आणतात, काढलेले आणत नाहीत. मूल विचारण्याएवढं मोठं असेल तर त्याला विचारा. अक्षरं उलटी-सुलटी दिसतात किंवा वाचन फार मागे आहे म्हणून लेखातच निदान करू नका, ते तज्ज्ञांचं काम आहे.

एआयकडून लेख लिहून घेतला तर कळतं का?

दरवेळी कळतं असा माझा दावा नाही. पण अशा लेखांत कुणी कधी अडत नाही, कुणी पुस्तक मध्येच भिरकावत नाही, आणि प्रत्येक परिच्छेद सारख्याच उंचीचा असतो. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे विस्कटलेत का ते बघायला मदत घेतली तर माझी हरकत नाही, तसं कळवा म्हणजे झालं. आकडे आणि संदर्भ मात्र त्याच्या भरवशावर अजिबात सोडू नका. न झालेला अभ्यास तो लेखकाच्या नावासकट सांगू शकतो.

एकच लेख दोन ठिकाणी पाठवू का?

नको. एकाकडून नकार आला किंवा ठरलेली मुदत उलटली की तसं कळवून दुसरीकडे पाठवा. आधी कुठे प्रसिद्ध झाला असेल तर पहिल्याच ओळीत सांगा.

मानधन मिळतं का? विचारणं बरं दिसतं का?

कुठे मिळतं, कुठे नाही. लिहायला बसण्याआधी विचारा, लेख दिल्यावर नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच वेळी लेखाचे हक्क कुणाकडे राहतील आणि तो पुढे तुम्हाला तुमच्या संग्रहात घेता येईल का, तेही विचारून ठेवा.

लेख "साभार परत" आला. आता?

दोन दिवस तोंड वाकडं करा, मग उघडा. कारण दिलं असेल तर ते संपादकाचं नव्हे, पहिल्या वाचकाचं मत म्हणून वाचा. कारण दिलं नसेल तर फार अर्थ काढू नका. त्याच विषयावरचा लेख आधीच हातात आहे, एवढ्या कारणाने मी चांगले लेख परत केले आहेत.

संपादकाने माझी सगळ्यात आवडती ओळ कापली.

भांडा. पण एकाच ओळीसाठी भांडा. सगळ्याच ओळी वाचवायला गेलात तर एकही वाचत नाही.

प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर?

लगेच कळवा, स्वतःहून कळवा, आणि गुपचूप बदलून घेऊ नका. काय चुकलं आणि बरोबर काय, हे दोन वाक्यांत लेखाखाली जायला हवं. पिरॅमिडच्या वेळी मी तसं केलं होतं: "वरील टक्केवारीला आधार सापडला नाही, ती मागे घेते." दोन ओळींचं पत्र पाठवणाऱ्या त्या वाचकाला मी आभाराचं उत्तर लिहिलं आणि शिकण्यावर काहीतरी लिहून द्याल का, असं विचारलं. त्याने बऱ्याच दिवसांनी लेख पाठवला, आणि त्यात एकही आकडा नव्हता.